रोजच्या वापरातली कॉन्टेसा आणि पाव मैलाची शर्यत: मागच्या अ‍ॅक्सलला कोणते डिफरन्शियल बसवावे?

हातखंबा_कॉन्टेसा (रत्नागिरी)

नमस्कार. माझ्याकडे १९९४ सालची कॉन्टेसा आहे, १.८ लिटरच्या इसुझू इंजिनाची. गाडी वडिलांनी घेतलेली आहे आणि अजूनही ती घरची रोजची गाडी आहे. हातखंब्याहून रत्नागिरीत जाणे, गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणणे, कधी आंब्याच्या पेट्या पोहोचवणे ही सगळी कामे ती करते. गेल्या तीन वर्षांत मी इंजिनाच्या हेडचे काम करून घेतले, कार्ब्युरेटर बदलले, एक्झॉस्ट मोकळा केला आणि मागे १९५/७० आर १४ मापाचे टायर घातले.

परवानगी घेऊन धावपट्टीवर भरवलेल्या पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या शर्यतीत मी तिला एकदा उतरवले. आमची वेळ १७.९ सेकंद आली आणि रेषेवरचा वेग ताशी १२४ किलोमीटर भरला. वेळेबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार सुटण्याबद्दल आहे. क्लच सोडताच उजवे मागचे चाक जागेवर फिरत राहते आणि डावे जणू सुस्त बसून असते. शर्यत संपल्यावर मित्राने धावपट्टीवरचा फोटो दाखवला, त्यात काळी रेघ एकच होती आणि ती उजव्या चाकाची होती. टायर बदलून पाहिले, हवेचा दाब कमी करून पाहिला, पण रेघ एकच राहिली.

आमचे येथील मेकॅनिक म्हणतात की डिफरन्शियलमधील, म्हणजे वळताना मागची दोन चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेतील, स्टार पिनियन (आतले छोटे गिअर) वेल्डिंग करून टाकावेत, म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरतील आणि खर्च जवळजवळ शून्य येईल. एका मित्राने परदेशातून स्पूल मागवण्याचा सल्ला दिला. दुसरा म्हणतो की क्लच प्लेटचे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल घ्यावे, आणि तिसऱ्याच्या मते हेलिकल गिअरचे उत्तम. शिवाय, डिफरन्शियल उघडणारच आहे तर क्राऊन-पिनियन, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारी गती कमी करून चाकांना देणारी गिअरांची जोडी, हीही बदलून सध्याच्या ३.९ ऐवजी ४.३ चे प्रमाण घ्यावे, असे माझ्या मनात आहे. गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.६, तिसरा १.४ आणि चौथा थेट आहे. ही मापे गिअरबॉक्स उघडला तेव्हा दाते मोजून काढलेली आहेत. मी गाडी ट्रेलरवर घालून नेत नाही, स्वतः चालवत नेतो आणि चालवतच परत आणतो, हे लक्षात घेऊन सल्ला द्यावा ही विनंती.

पिनियन_चिपळूण

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे आहे, आणि मी उत्तर तेथूनच सुरू करतो. शर्यतीच्या धावपट्टीकडे जाताना रत्नागिरीहून खोपोलीपर्यंत परशुराम, भोस्ते आणि कशेडी असे घाट येतात, त्यापुढे बोरघाट, आणि तीच वाट परतीला. बोगदे आणि रुंदीकरण होऊन काही वळणे आता टळतात, तरी सुमारे ३०० किलोमीटरच्या या एकेरी प्रवासापुढे शर्यतीचे ४०२ मीटर म्हणजे काहीच नाहीत. त्यामुळे डिफरन्शियल निवडताना ते सुटताना काय करते एवढेच पाहून भागणार नाही. पावसात, उतारावर, अर्ध्या वळणात अ‍ॅक्सलरेटर सोडला तर ते काय करील, हेही तितक्याच गंभीरपणे पाहावे लागेल.

आता उजवेच चाक का फिरते ते पाहू, कारण हे समजले की अर्धी निवड आपोआप होते. साध्या, म्हणजे उघड्या डिफरन्शियलचा नियम असा की ते दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. एका चाकाची पकड संपली की त्या चाकाला जेवढा टॉर्क पेलतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो, दुसऱ्याखाली कितीही पकड शिल्लक असली तरी. आपले डावे चाक सुस्त वाटते त्याचे कारण हे आहे.

उजव्या चाकाची पकड आधी संपते, कारण आपल्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे, म्हणजे दोन्ही चाके एकाच ताठ कवचाच्या दोन टोकांना आहेत. गिअरबॉक्सपासून मागे येणारा प्रोपेलर शाफ्ट पिनियनला ज्या दिशेने पिळतो, त्या दिशेने तो सगळ्या अ‍ॅक्सललाच पिळू पाहतो आणि त्यामुळे उजवे चाक उचलले जाते, डावे दाबले जाते. याचा हिशोब करता येतो. इंजिनाचा टॉर्क १४० न्यूटन-मीटर धरला तर पहिल्या गिअरमध्ये प्रोपेलर शाफ्टवर तो ३.६ पट होऊन सुमारे ५०४ न्यूटन-मीटर होतो. दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर धरल्यास उजव्या चाकावरून सुमारे ३७ किलो भार उतरतो आणि तेवढाच डाव्यावर चढतो. यातील काही भाग बॉडीच्या पिळामुळे स्प्रिंगांवाटे परत मिळतो, आणि आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्यामुळे थोडी भरपाई त्याच्या वजनानेही होते, पण कल उजवे चाक हलके होण्याकडेच राहतो. उघडे डिफरन्शियल हलक्या चाकाच्या हिशोबाने चालत असल्यामुळे हे नुकसान दोनदा मोजले जाते, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे.

यावरून एक स्वस्त उपायही निघतो, आणि तो मी डिफरन्शियलच्या आधी करून पाहण्यास सांगेन. उजव्या मागच्या कॉइल स्प्रिंगच्या आत हवेची पिशवी बसवून शर्यतीच्या दिवशी तेवढ्यापुरती थोडी जास्त हवा भरावी. त्याने सुटताना उजवे चाक दाबून धरले जाते. मात्र परतीला निघण्यापूर्वी ती हवा उतरवायलाच हवी, कारण एका कोपऱ्यात ताठ असलेली गाडी घाटात डाव्या आणि उजव्या वळणांना वेगवेगळी वागते आणि चालकाच्या ते उशिरा लक्षात येते.

आता प्रकारांकडे येतो. स्पूल म्हणजे डिफरन्शियलच नसणे. क्राऊन व्हील एका सलग तुकड्याला बांधलेले असते आणि चाकांकडे जाणारे दोन्ही हाफ शाफ्ट त्यातच अडकतात. वजन कमी, मोडण्यासारखे आत काही नाही, आणि सरळ रेषेत त्याच्यासारखे दुसरे काही नाही. परंतु गाडी १८० अंशांत वळते तेव्हा बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ४.४ मीटर जास्त चालते. वळण लहान असो की मोठे, हा फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त दोन चाकांमधील अंतरावर ठरतो. स्पूल असेल तर हे ४.४ मीटर कोणत्यातरी टायरला घासतच काढावे लागतात. कोरड्या रस्त्यावर टायर झिजतो आणि गाडी वळायला नकार देते. ओल्या रस्त्यावर मागचा भाग एकदम सुटतो. शिवाय एक चाक घसरले की सगळा टॉर्क दुसऱ्या हाफ शाफ्टवर येतो, म्हणजे ज्या शाफ्टला कंपनीने अर्ध्या भारासाठी बनवले त्यावर दुप्पट भार पडतो. वेल्डिंग केलेले डिफरन्शियल म्हणजे गरिबाचे स्पूल. त्यात स्पूलचे सर्व दोष आहेत आणि मजबुती मात्र नाही.

डेट्रॉईट लॉकरच्या जातीचे लॉकर दात्यांच्या क्लचने चालतात. जोर असताना दोन्ही चाके बांधलेली आणि वळणात बाहेरचे चाक पुढे पळू लागले की ते सुटते. शर्यतीला उत्तम, पण सुटताना आणि पुन्हा जुळताना धक्का बसतो. तो धक्का भोस्त्याच्या उतारावर पावसात बसावा असे मला वाटत नाही.

महिंद्राच्या थारमध्ये मिळणारे ईटनचे यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल अनेकांना आकर्षक वाटते, कारण ते येथे सहज दिसते. ते चिखलासाठी उत्तम आहे, आपल्या कामासाठी नाही. दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला सुमारे १०० चा फरक पडल्यानंतर ते एकदम जुळते, म्हणजे आधी चाक घसरणार आणि मग झटक्याने बांधले जाणार. शर्यतीत आपल्याला चाक घसरूच द्यायचे नसते.

उरले दोन. हेलिकल प्रकारात, ज्याचे प्रसिद्ध रूप म्हणजे व्हर्नन ग्लीसमन यांच्या १९५८ च्या पेटंटातून आलेले टॉर्सन, प्लेटा नसतात. तिरप्या दात्यांच्या गिअरांतील घर्षणामुळे जास्त पकड असलेल्या चाकाला कमी पकडीच्या चाकाच्या काही पट टॉर्क मिळतो. हे गुणोत्तर ३ असेल तर घसरणारे चाक १०० पेलत असताना दुसऱ्याला ३०० पर्यंत मिळू शकते. वागणे अतिशय गुळगुळीत, तेल साधे, झीज नगण्य. उणीव एकच: चाक पूर्ण हवेत गेले किंवा बुळबुळीत शेवाळावर आले की शून्याची तिप्पटही शून्यच होते.

क्लच प्लेटच्या प्रकारात स्प्रिंगांनी प्लेटा आधीच दाबलेल्या असतात, म्हणून एका चाकाखाली पकड अजिबात नसली तरी दुसऱ्याला काहीतरी टॉर्क मिळतोच. हा आधीचा दाब कमी-जास्त करता येतो, प्लेटा झिजल्या तर बदलता येतात. त्याबदल्यात तेलाची आणि देखभालीची जबाबदारी घ्यावी लागते.

आपली गाडी, आपला रस्ता आणि अखंड अ‍ॅक्सलची ही उजवे चाक उचलण्याची सवय पाहता माझे मत क्लच प्लेटच्या प्रकाराला आहे, आणि तोही हलक्या दाबाचा.

लेथवाला_कुडाळ

वरील उत्तराशी मी सहमत आहे. वेल्डिंगबद्दल मात्र मला अधिक सांगायचे आहे, कारण असे एक डिफरन्शियल मी माझ्या हाताने उघडले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जुनी जीप ओढून आणली गेली. मालकाने दुसरीकडे स्टार पिनियन वेल्डिंग करून घेतले होते आणि दोन पावसाळे गाडी व्यवस्थित चालली होती. आंबोली घाट उतरताना मागून मोठा आवाज झाला आणि मागची दोन्ही चाके जागच्या जागी थांबली. दैव बलवत्तर म्हणून गाडी डोंगराच्या बाजूला फिरली, दरीच्या नाही. हाउसिंगचे, म्हणजे अ‍ॅक्सलच्या कवचाचे, झाकण काढले तेव्हा वेल्डिंगचा सुपारीएवढा तुकडा क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांत अडकलेला सापडला. त्याने क्राऊनचे तीन दाते उडवले होते. हे गिअर वरून कडक केलेल्या पोलादाचे असतात. त्यावर साध्या रॉडने वेल्डिंग केले की जोडाच्या शेजारची जागा ठिसूळ होते, बारीक तडे जातात आणि वरून ते दिसत नाहीत. प्रत्येक वळणाला टायर घासतो तेव्हा तो सगळा पीळ त्याच जोडावर येतो. म्हणून ते कधी तुटेल हे कोणीही सांगू शकत नाही. तुमच्या मेकॅनिकांनी चांगल्या मनानेच सुचवले असेल, पण घरची माणसे ज्या गाडीत बसतात त्या गाडीला हे करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट. उघड्या डिफरन्शियलवर तुम्ही एक चाक फिरवत राहता तेव्हा आतल्या स्टार पिनियनचे फार हाल होतात. एक चाक थांबलेले असेल तर फिरणारे चाक दुप्पट वेगाने फिरते. स्पीडोमीटर ६० दाखवत असेल तर ते चाक १२० च्या वेगाने फिरत असते. स्टार पिनियन ज्या आडव्या पिनवर फिरतात ती अशा वेगासाठी नसते. तेथे तेल टिकत नाही आणि पिन खरवडली जाते. तुमच्या गाडीत सध्या काय स्थिती आहे ते उघडल्यावर आधी पाहा. पिन निळी पडलेली किंवा ओरखडे आलेली दिसली तर पुढचा निर्णय होईपर्यंतसुद्धा तीच पुन्हा बसवू नका.

बसवण्याबद्दल: कॉन्टेसासाठी तयार लिमिटेड स्लिप डिफरन्शियल दुकानात जाऊन मिळेल अशी आशा धरू नका. दोन वाटा आहेत. एक म्हणजे ज्या गाडीसाठी ते मिळते तिचा सगळा मागचा अ‍ॅक्सल आणून बसवणे. यात रुंदी, चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ, ब्रेक, स्प्रिंगांच्या बैठका आणि लिंकांची टोके सगळे जुळवावे लागते, आणि जीपगाड्यांचे अ‍ॅक्सल जड असल्यामुळे खड्ड्यांत गाडी आपटू लागते. दुसरी वाट म्हणजे आपलेच हाउसिंग ठेवून त्यात बसेल असे केंद्र, म्हणजे क्राऊन व्हील ज्यावर बसते तो डिफरन्शियलचा मधला भाग, शोधणे. त्यासाठी पाच मापे अचूक घ्या: क्राऊन व्हीलच्या बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, दोन्ही बाजूंच्या बेअरिंगांचे आतील आणि बाहेरील व्यास, बेअरिंगांमधील अंतर, क्राऊनच्या बैठकीपासून बेअरिंगपर्यंतचे अंतर, आणि हाफ शाफ्टच्या टोकावरील खाचांची संख्या व व्यास. ही मापे कागदावर असतील तर परदेशी विक्रेत्यांच्या तक्त्यांत शोधता येते. बेअरिंगच्या व्यासात किरकोळ फरक असेल तर लेथवर बुश करून भागते. खाचांची संख्या जुळली नाही तर मात्र नवे हाफ शाफ्ट करावे लागतात, आणि ते काम लेथवर टर्निंग करून संपत नाही, योग्य पोलाद आणि योग्य उष्णोपचार लागतो.

मी स्वतः दुसरी वाट घेईन.

महाडकर_६६

क्राऊन-पिनियनच्या प्रमाणाबद्दल थोडे लिहितो, कारण ४.३ घेण्याची घाई करू नये असे मला वाटते.

आपल्या टायरचा व्यास सुमारे ६२९ मिलिमीटर येतो, घेर १.९७ मीटर. गाडीच्या वजनाने धावताना तो किंचित कमी भरतो, पण तुलनेसाठी हा आकडा चालतो. इंजिन ५५०० फेऱ्यांवर असताना ३.९ च्या प्रमाणात चौथ्या गिअरमध्ये ताशी सुमारे १६७ आणि तिसऱ्यात ११९ किलोमीटर वेग मिळतो. रेषेवर आपण १२४ वर होता. म्हणजे शर्यतीच्या अगदी शेवटी, रेषा समोर दिसत असताना आपल्याला चौथा गिअर टाकावा लागला असणार. साध्या गिअरबॉक्समध्ये त्या एका बदलात इंजिनाचा जोर चाकांपासून काही क्षण तुटतो आणि जुळल्यावर इंजिन सुमारे ४१०० फेऱ्यांवर येऊन पडते. तेवढ्यात रेषा येते, म्हणजे त्या बदलातून मिळत काहीच नाही.

४.३ घेतल्यास तिसऱ्या गिअरची मर्यादा ताशी १०८ वर येईल. चौथा गिअर आणखी आधी टाकावा लागेल आणि बदल टळणार नाहीच. सुरुवातीचा जोर वाढेल हे खरे, परंतु आपली अडचण जोर कमी पडण्याची नाही, आहे तो जोर रस्त्यावर उतरत नाही ही आहे. त्यात दहा टक्के भर घातल्याने चाक अधिकच फिरेल. उलट, इंजिन ५७५० फेऱ्यांपर्यंत निरोगीपणे फिरत असेल तर सध्याच्या ३.९ वर तिसऱ्याच गिअरमध्ये ताशी १२४ पूर्ण होतात आणि शेवटचा बदल वाचतो. दोन्ही चाके धरू लागल्यावर रेषेवरचा वेग थोडा वाढला तर किंचित मोठ्या टायरने, म्हणजे १९५/७५ ने, ती उणीव भरून निघेल, असा टायर त्या मापात मिळाला तर.

४.३ चा दुसरा तोटा रोजचा आहे. हमरस्त्यावर ताशी ८० ला इंजिन दहा टक्के जास्त फिरणार, म्हणजे ३०० किलोमीटरभर आवाज आणि पेट्रोल दोन्ही जास्त. क्राऊन-पिनियन आहे तेच ठेवावे.

३.९ हे प्रमाण आपण कसे काढले ते लिहिलेले नाही. ते खात्रीचे नसेल तर एक चाक जमिनीवर ठेवून दुसरे उचलावे, गिअर मोकळा ठेवून उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावेत. उघड्या डिफरन्शियलमध्ये ते फेरे म्हणजेच प्रमाण.

हातखंबा_कॉन्टेसा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. काल सुट्टी होती म्हणून गाडी उचलून दोन फेऱ्यांची मोजणी केली. प्रोपेलर शाफ्टचे फेरे चाराला थोडे कमी भरले, म्हणजे ३.९ बरोबर आहे. रेषेजवळ चौथा गिअर टाकल्याचे मला आठवते, आणि तो टाकताना गाडी क्षणभर लटकल्यासारखी झाली होती हेही आठवते. ४.३ चा विचार मी सोडला.

लेथवाले काका, आपला अनुभव वाचून वेल्डिंगचा विषय घरात कायमचा संपला. झाकण उघडले तेव्हा स्टार पिनियनच्या पिनवर एका बाजूला ओरखडे आहेत, निळेपणा नाही. दुसरी गोष्ट अशी की तेल दुधासारखे पांढरट निघाले. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा गाडी मामांकडे बहादूरशेख नाक्याजवळ होती आणि चाकांच्या वरपर्यंत पाण्यात होती. त्यानंतर तेल बदलले होते असा माझा समज होता. ते बदललेच गेले नसावे, किंवा पाणी नंतर आत गेले असावे.

क्लच प्लेटच्या प्रकाराकडे माझा कल झाला आहे. आधीचा दाब हलका म्हणजे नेमका किती, तो तपासायचा कसा, आणि तेल कोणते, एवढे सांगावे.

पिनियन_चिपळूण

दाब तपासण्याची रीत सोपी आहे. गिअर मोकळा, हँडब्रेक सोडलेला, एक मागचे चाक जमिनीवर आणि गाडीला पुढून-मागून दगड लावलेले. उचललेल्या चाकाच्या मधोमध पकड घेऊन टॉर्क रेंचने ते चाक फिरवायला लागणारा जोर पाहावा. उघड्या डिफरन्शियलमध्ये तो जवळजवळ काहीच नसतो. आपल्या गाडीला ५० ते ८० न्यूटन-मीटरच्या दरम्यान तो असावा असे मी सुचवीन. केवळ शर्यतीच्या गाड्यांना याहून बराच जास्त ठेवतात, पण तो चौकात वळताना कटकट आवाज आणि ओल्या वळणात मागचा भाग ढकलला जाणे यांतून जाणवतो. शर्यतीत आपण जोर देता तेव्हा बहुतेक रचनांत प्लेटा त्या जोरानेच आणखी दाबल्या जातात, म्हणून आधीचा दाब फक्त सुरुवातीच्या क्षणापुरता हवा असतो.

तेल ८०डब्ल्यू-९० मापाचे, जीएल-५ दर्जाचे घ्यावे, आणि त्यात लिमिटेड स्लिपसाठीचे घर्षण कमी करणारे मिश्रण असावे किंवा वेगळे घालावे. ते नसेल तर प्लेटा चिकटून सुटतात आणि प्रत्येक वळणाला मागून गुरगुर ऐकू येते. हेच तेल गिअरबॉक्समध्येही ओतू नये. जीएल-५ मधील रसायने काही गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत.

बसवताना क्राऊन आणि पिनियनची जागा पुन्हा ठरवावी लागेल, कारण नव्या केंद्राची क्राऊनची बैठक जुन्याशी तंतोतंत जुळणार नाही. दात्यांतील मोकळेपणा डायल गेजने मोजावा. या आकाराच्या अ‍ॅक्सलला तो साधारणपणे ०.१५ ते ०.२० मिलिमीटर ठेवतात, तरी आपल्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत जो आकडा असेल तो अखेरचा मानावा. त्यानंतर दात्यांवर तेलात कालवलेला शेंदूर लावून क्राऊन फिरवावे आणि स्पर्शाचा ठसा पाहावा. ठसा दात्याच्या मध्यभागी हवा. टोकाकडे किंवा मुळाकडे गेला तर शिम (जागा ठरवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून पुन्हा पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक ठिकाणी ते टाळले जाते. त्यामुळे नवीन डिफरन्शियल पाचशे किलोमीटरांत रडू लागते आणि दोष मालाला दिला जातो. शेजारी उभे राहून हे काम करून घ्यावे.

पहिले ८०० किलोमीटर शर्यतीसारखी सुरुवात करू नये. प्लेटा बसण्यासाठी मोकळ्या मैदानात सावकाश इंग्रजी आठच्या आकारात गाडी दोन्ही बाजूंना फिरवावी आणि नंतर हे पहिले तेल काढून टाकावे.

समन्वयक

चर्चा उत्तम चालू आहे. दोन नोंदी आवश्यक आहेत. शासनाच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नवीन डिफरन्शियलची चाचणी रत्नागिरीच्या बायपासवर घेण्याचा मोह कोणीही धरू नये. दुसरे, गाडीतील बदलांसाठी कलम ५२ आहे, आणि १९९४ च्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. त्यामुळे अ‍ॅक्सल बदलण्याचा विचार असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

लेथवाला_कुडाळ

पांढरट तेलाबद्दल लिहायचे राहिले, आणि तुमच्या बाबतीत ते सर्वांत आधी करण्याचे काम आहे. हाउसिंगच्या वरच्या बाजूला हवा जाण्यासाठी ब्रीदर असतो, बोटाच्या पेराएवढी टोपी. आपल्याकडे खारी हवा आणि मासळीच्या ट्रकमधून रस्त्यावर सांडणारे खारे पाणी यांमुळे तो गंजून बसतो. मग घाट चढून तापलेले डिफरन्शियल पाण्यातून गेले की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते, आणि ब्रीदरमधून हवा मिळत नसल्यामुळे ते सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. पुराचे पाणी एकदाच आले असेल, पण बंद ब्रीदर असेल तर प्रत्येक पावसाळ्यात थोडे थोडे पाणी आत जात राहते. प्लेटांच्या डिफरन्शियलमध्ये असे पाणी गेले तर प्लेटा फुगतात किंवा गंजतात आणि एका हंगामात पैसे पाण्यात जातात.

हाउसिंग रिकामे करून डिझेलने दोनदा धुवा, बेअरिंगच्या रोलरांवर काळे ठिपके दिसले तर ती बदला, हाफ शाफ्टचे आणि पिनियनचे सील नवे घाला. ब्रीदरच्या जागी नळीचे टोक बसवून इंधनाच्या रबरी नळीने ते डिकीच्या आतपर्यंत वर न्या आणि टोकाला छोटा फिल्टर लावा. ही नळी बसवल्याशिवाय नव्या केंद्राची मागणी नोंदवू नका. पाच मापे घेतलीत की येथे लिहा, हाफ शाफ्टच्या खाचा मोजताना एकदा नव्हे तर दोनदा मोजा.

हातखंबा_कॉन्टेसा

ब्रीदर पाहिला. तो पूर्ण गच्च होता, सुईही जात नव्हती. नळी रविवारी बसवतो. मापे घेण्यासाठी केंद्र बाहेर काढावे लागेल, त्यामुळे गणपतीनंतर, पाहुणे परत गेल्यावर, गाडी आठवडाभर उभी करून ते काम करतो आणि पाचही मापे येथे नोंदवतो. उजव्या स्प्रिंगमधील हवेच्या पिशवीचे काम मात्र त्याआधीच करून पाहीन.